ओल्या जमिनीत तहानलेले पीक : वनस्पतीच्या पेशीचा एक पाठ

चैत्राचे ऊन तापू लागले की कालव्याच्या क्षेत्रात एक दृश्य पुष्कळदा पाहावयास मिळते. उसाचा फड चहूबाजूंनी हिरवागार उभा असतो. मधलाच एखादा तुकडा मात्र खुजा, पानांच्या सुरळ्या झालेला व कडा करपलेला असा दिसतो. शेतकरी वाकून माती हातात घेतो. माती ओली असते. मूठ दाबली तर तिचा गोळा होतो. तरीही पीक तहानलेलेच दिसते. पाणी कमी पडले असेल असे मानून तो पुढची पाळी लवकर देतो. आठ-दहा दिवसांनी तो तुकडा सुधारण्याऐवजी अधिकच खंगतो आणि काही हंगामांनंतर त्या जागी पिकाऐवजी पांढरा थर तेवढा उरतो.

जमिनीत पाणी असताना पीक तहानेने का मरावे? हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. नीरा, प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखाली, तसेच सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकाठच्या बागायतीत, उत्तम काळ्या जमिनी याच मार्गाने क्षारपड व पाणथळ झालेल्या आहेत. या प्रश्नाचे उत्तर उघड्या डोळ्यांना शेतात सापडत नाही. शाळेतील मुले जीवशास्त्राच्या वहीत पेशीची जी आकृती काढतात, त्या आकृतीत ते दडलेले आहे. ती आकृती ज्याला नीट समजली, त्याला पाणी केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये हेही समजते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा शालेय पाठ पुन्हा एकदा, पण या वेळी शेताच्या बांधावर उभे राहून, वाचणे अगत्याचे आहे.

पेशी म्हणजे काय?

इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा अतिशय पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांप्रमाणे त्याला त्यात असंख्य लहान कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्याने जे नाव दिले, त्यालाच मराठीत आपण पेशी म्हणतो. बूच ही झाडाची मृत साल असल्यामुळे हूकला दिसल्या त्या केवळ रिकाम्या भिंती होत्या. आत राहणारा जीव केव्हाच निघून गेला होता. पुढे १८३८ मध्ये श्लायडेन याने सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत असे प्रतिपादन केले, १८३९ मध्ये श्वान याने प्राण्यांच्या बाबतीतही तेच दाखविले, आणि १८५५ मध्ये फिर्खो याने प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते हे तत्त्व मांडले. घर जसे विटांचे, तसे पिकाचे शरीर पेशींचे असते. भेद इतकाच की येथील प्रत्येक वीट जिवंत असते, खाते, श्वास घेते आणि दुसरी वीट निर्माण करते.

वनस्पतीच्या बहुतेक पेशी इतक्या लहान असतात की एक मिलिमीटर लांबीत त्या दहापासून शंभरपर्यंत मावतात. तथापि डोळ्यांनी दिसणारी आणि हाताने धरता येणारी एक पेशी महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची आहे. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरील एकच पेशी होय. फूल उमलण्याच्या सुमारास ती सालीवर लहानशा फोडासारखी उगवते आणि बोंडाच्या आत वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. लांबी पुरी झाल्यावर तिच्या भिंतीवर आतून थरावर थर चढतात आणि शेवटी पेशी मरून केवळ भिंत शिल्लक राहते. तोच कापूस. बोंडे धरतेवेळी पाण्याचा ताण पडला तर धागा आखूड का राहतो, याचे उत्तरही पुढे येणार आहे.

पेशीची रचना

जिवंत वनस्पतिपेशीची तुलना एखाद्या जुन्या वाड्याशी करता येईल.

वाड्याची बाहेरची दगडी भिंत ती पेशीभित्तिका. ती मुख्यत्वे सेल्युलोजची असते. ती कणखर असली तरी तिच्यात सूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे पाणी व त्यात विरघळलेले क्षार तिच्यातून सहज आरपार जातात. म्हणजे ही भिंत आधार देते, परंतु कोणाला अडवीत नाही. शेजारच्या दोन भिंती एकमेकींना सांधणारा जो चिकट थर असतो, त्यात चुन्याचा अंश म्हणजे कॅल्शियम महत्त्वाचे असते.

भिंतीच्या आतील अंगाला चिकटून एक अतिशय पातळ पडदा असतो. याला प्रद्रव्यपटल म्हणतात. वाड्याच्या देवडीवरील पहारेकरी तो हाच. पाण्याला तो येऊ-जाऊ देतो, मिठाला व साखरेला मात्र सहजासहजी सोडीत नाही. जे अन्नद्रव्य हवे ते निवडून आणि शक्ती खर्चून आत घेतो. या पडद्यात पाण्याकरिता खास प्रथिनांच्या सूक्ष्म मोऱ्या असतात. त्यांचा शोध लावल्याबद्दल पीटर ॲग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाला २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पेशी जिवंत आहे तोपर्यंतच हा पहारा चालतो. पेशी मेली की पडदा फाटतो आणि दार सताड उघडे पडते.

पडद्याच्या आत दाटसर, वाहते पेशीद्रव्य असते. त्यात केंद्रक असते. पेशीने काय घडवावे, केव्हा वाढावे, केव्हा विभागावे यांच्या सर्व आनुवंशिक सूचना तेथे साठविलेल्या असतात. बियाण्याचे वाण म्हणजे अखेर याच सूचनांचा संच. हिरव्या भागांतील पेशींत हरितलवके असतात. सूर्यप्रकाश, पाणी व हवेतील कर्बवायू यांपासून ती साखर तयार करतात. वाड्यातील स्वयंपाकघर ते हेच. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. तयार झालेली साखर प्राणवायूच्या साहाय्याने जाळून तीपासून कामाची शक्ती काढणारे सूक्ष्म अवयव म्हणजे तंतुकणिका. या मुळातील पेशींतही असतात, आणि म्हणूनच मुळांनाही हवा लागते. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडणार आहे.

शेवटी, पूर्ण वाढलेल्या पेशीच्या मध्यभागी एक मोठा हौद असतो. त्यास रिक्तिका म्हणतात. नाव रिक्तिका असले तरी ती रिकामी नसते. तिच्यात पाणी, क्षार, साखर व आम्ले यांचा रस भरलेला असतो. पुष्कळ पेशींत आतील जागेचा ८० ते ९० टक्के भाग एकटी रिक्तिकाच व्यापते. ज्वारीचे कोवळे पान ताठ उभे राहते ते या हौदांतील पाण्याच्या दाबावर.

पाणी कोणत्या दिशेने वाहते?

काकडीच्या फोडींवर मीठ घालून वाडगे झाकून ठेवले, तर थोड्याच वेळात तळाशी पाणी जमते व फोडी लुळ्या पडतात. हे पाणी कोणी ओतले नाही. ते फोडींच्या पेशींतूनच बाहेर आले. कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटते तेही असेच.

यामागील नियम सोपा आहे. पडद्याच्या एका बाजूस पातळ द्रव आणि दुसऱ्या बाजूस क्षार वा साखर असलेला दाट द्रव असेल, तर पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे जाते. या क्रियेस परासरण असे म्हणतात. निरोगी जमिनीतील पाणी पातळ असते आणि मुळाच्या पेशीतील रस त्या मानाने दाट असतो; म्हणून पाणी आत शिरते. आत शिरलेल्या पाण्याने हौद भरतो, पडदा भिंतीवर रेटला जातो आणि पेशी फुगून ताठ होते. हा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहूनही कित्येक पट असू शकतो. बाहेरची भिंत भक्कम असल्यामुळेच पेशी फुटत नाही. असंख्य पेशी अशा ताठ असल्या म्हणजे पान ताठ राहते. त्या सैल झाल्या म्हणजे पान कोमेजते. कोवळ्या पेशीची लांबीही याच दाबाने वाढते. बोंडातील कापसाच्या पेशीला पाणी कमी पडले की आतील रेटा कमी होतो आणि धागा आखूड राहतो, तो यामुळेच.

मुळाच्या टोकामागे जी बारीक लव दिसते, तिच्यातील प्रत्येक केस हा सालीच्या एकेका पेशीचाच लांबट फाटा असतो. या केसांमुळे मुळाचा मातीशी संबंध अनेक पटींनी वाढतो. पुढे मुळाच्या गाभ्याभोवती पेशींचे एक कडे असते. या कड्यातील पेशींच्या भिंतींवर मेणासारखा पट्टा असल्याने पाण्याला भिंतीभिंतीतून चोरवाट मिळत नाही. त्याला जिवंत पडदा ओलांडूनच गाभ्यात जावे लागते. वरून पानांच्या रंध्रांतून बाष्प बाहेर पडत असते आणि त्या ओढीने पाण्याची अखंड धार खोडातून वर चढते. रंध्राच्या दोन्ही बाजूंस दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, सैल पडल्या की मिटते. या उघडझापीत पालाशाचा म्हणजे पोटॅशियमचा मोठा वाटा आहे.

थोडक्यात, वर उन्हाची ओढ आणि खाली पातळ पाण्याचा पुरवठा असून मध्ये जिवंत पडदा शाबूत असेल, तेव्हाच पीक पाणी पिते. यांपैकी एक जरी बिघडले तरी पीक कोमेजते.

बटाट्याचे प्रात्यक्षिक

ही गोष्ट गावसभेत किंवा शाळेत दोन तासांत दाखविता येते. चार मोठे बटाटे घ्यावेत व त्यांपैकी एक उकडून घ्यावा. सर्वांची साल काढून प्रत्येकाचा तळ सपाट कापावा व वरच्या अंगाने चमच्याने कोरून वाटीसारखा खळगा करावा. बूड मात्र फुटू देऊ नये. चारही वाट्या ताटात ठेवून ताटात बोटभर पाणी घालावे. पहिली कच्ची वाटी रिकामी ठेवावी. दुसऱ्या कच्च्या वाटीत चमचाभर साखर व तिसऱ्या कच्च्या वाटीत चमचाभर मीठ घालावे. उकडलेल्या चौथ्या वाटीतही चमचाभर साखर घालावी.

दोन तासांनी पाहावे. कच्च्या वाट्यांपैकी साखरेच्या व मिठाच्या वाटीत पाणी जमलेले आढळते. रिकामी कच्ची वाटी कोरडीच राहते. उकडलेल्या वाटीत साखर असूनही पाणी तसे जमत नाही. पहिल्या तीन वाट्यांवरून दिसते की पाणी दाट द्रवाकडे जाते. चौथीवरून त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसते, ती अशी की हे काम जिवंत पडद्याचे आहे. उकडल्याने पडदा मेला, तेव्हा साखर असूनही ओढ चालली नाही. ताटातील पाणी सर्व वाट्यांना सारखेच होते, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. पाणी असणे निराळे आणि पाणी मिळणे निराळे.

कोमेजण्याची कारणे

आता फडातील त्या तुकड्याकडे परत वळू. पीक कोमेजण्याची मुख्य कारणे तीन. तिन्हींत पान सारखेच लुळे पडते, पण उपाय मात्र भिन्न आहेत.

पहिले कारण खरी कोरड. जमिनीत पाणीच नसते. अशा वेळी पिकास पाणी दिले की सैल पेशी भरतात आणि पान पुन्हा ताठ होते. येथे पाणी हेच औषध.

दुसरे कारण क्षार. सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे विद्राव्य क्षार मातीतील पाण्यात वाढले की ते पाणी दाट होते. मुळातील रस आणि बाहेरचे पाणी यांतील फरक कमी होतो. पेशीला पाणी ओढणे कठीण जाते. समुद्रात होडीत बसलेला खलाशी चोहीकडे पाणी असून तहानेने व्याकूळ होतो, तशीच या मुळाची स्थिती होते. शिवाय क्षारांचे अंश पानांत साठून टोके व कडा करपतात. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माती सुकू लागली म्हणजे पाणी उडून जाते, पण क्षार जागीच राहतात. मातीतील पाणी निम्मे झाले की उरलेल्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. म्हणून क्षारयुक्त जमिनीत पीक चांगल्या जमिनीतील पिकापेक्षा कितीतरी आधी माना टाकते.

तिसरे कारण हवेचा अभाव. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही. तंतुकणिकांचे काम थंडावते, शक्ती अपुरी पडते, पेशीद्रव्य आंबट होऊ लागते आणि पडद्यातील पाण्याच्या मोऱ्या मिटतात. पाण्यात बुडालेले मूळ पाणी घेऊ शकत नाही, यात म्हणूनच आश्चर्य नाही. दीर्घ उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला किंवा भरपूर पाणी दिले की कपाशीची झाडे एकाएकी माना टाकतात. शेतकरी त्यास आकस्मिक मर म्हणतात. तेथे पाणी कमी पडलेले नसते. मुळांचा श्वास कोंडलेला असतो.

कालव्याच्या क्षेत्रात दुसरे व तिसरे कारण बहुधा जोडीनेच येतात. निचरा नसल्याने भूजल वर चढते आणि मुळांची हवा बंद होते. तेच पाणी उन्हाने वर ओढले जाऊन उडते व आपले क्षार पृष्ठभागावर टाकून जाते. अशा ठिकाणी निचऱ्याविना दिलेली प्रत्येक जास्तीची पाळी भूजल आणखी वर आणते. तहान भागविण्यासाठी दिलेले पाणीच तहान वाढविते.

यांखेरीज तूर, हरभरा यांसारख्या पिकांत बुरशीमुळे होणारा मर रोगही असतो. त्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद पडतात. खोड उभे चिरले असता आत तपकिरी वा काळपट रेषा दिसल्या, तर रोगाचा संशय घ्यावा.

शेतात निदान कसे करावे?

पीक पहाटे, सूर्योदयापूर्वी पाहावे. दुपारी लुळी पडलेली पाने पहाटे ताठ झाली असतील, तर ती केवळ उन्हाची तात्पुरती सैल होती. पहाटेही ती लुळीच असतील, तर मुळाशी काही बिघडले आहे असे समजावे.

नंतर मुळाजवळची माती वीतभर खोल उकरून पाहावी. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. माती ओली असेल तर पाणी देण्यापूर्वी थांबावे आणि एक रोप मुळासकट हळूच उपटावे. मुळे पांढरी व टणक असतील, पण पानांच्या कडा करपलेल्या आणि वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर असेल, तर क्षारांचा संशय धरावा. मुळे तपकिरी, मऊ व दुर्गंधीयुक्त असतील आणि खालची पाने पिवळी असतील, तर मुळांचा श्वास कोंडला आहे असे समजावे.

क्षारांचा संशय आल्यास अंदाजावर न राहता मातीचा व सिंचनाच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटर वा अधिक असेल, तर जमीन सर्वसाधारणपणे क्षारयुक्त समजतात. पुष्कळ प्रयोगशाळा मात्र माती व पाणी १:२.५ या प्रमाणात मिसळून वाहकता मोजतात. त्या पद्धतीत आकडा बराच कमी येतो. म्हणून अहवालातील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारल्याशिवाय जमीन निर्दोष ठरवू नये.

उपाय

कारण क्षारांचे असेल तर क्षार मुळांखाली धुऊन बाहेर काढणे हाच खरा उपाय. त्यासाठी आधी निचरा, मग पाणी, हा क्रम कधीही उलटू नये. उघडे चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ यांनी पाण्याला बाहेरची वाट करून द्यावी आणि नंतरच गोड्या पाण्याने जमीन धुवावी. चराचे तोंड शेजाऱ्याच्या शेतात उघडून भागत नाही. ओढ्यापर्यंत वाट काढावयाची तर सारे शिवार एकत्र यावे लागते, आणि येथेच कार्यकर्त्याच्या समजावणीचा कस लागतो.

जमीन चोपण असेल, म्हणजे तिच्यातील चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसलेले असेल व सामू साधारण ८.५ च्या वर असेल, तर जिप्समची जोड द्यावी लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवून त्याची जागा घेते. हटलेले सोडियम नंतर निचऱ्याने धुऊन काढावे लागते. जिप्समची मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. केवळ क्षारयुक्त असलेल्या, पण चोपण नसलेल्या जमिनीत जिप्सम घालून लाभ नाही, आणि निचरा नसेल तर चोपण जमिनीतही त्यावरील खर्च वाया जातो. धैंचाचे हिरवळीचे खत गाडल्याने जमीन भुसभुशीत होऊन पाणी झिरपण्यास मदत होते.

जमीन सुधारेपर्यंत पीक जगवावयाचे असेल तर पाणी हलके पण वारंवार द्यावे, म्हणजे मातीतील द्रव दाट होण्यास अवसर मिळत नाही. मात्र हे तेथेच करावे, जेथे पाणी साचून राहत नाही. सरी-वरंब्यावर लागण करताना बी वा रोप वरंब्याच्या माथ्यावर न लावता बगलेत लावावे. कारण पाणी सरीतून वर चढून माथ्यावर उडते आणि क्षार तेथेच गोळा होतात.

कारण हवेच्या अभावाचे असेल तर साचलेले पाणी तत्काळ चर काढून बाहेर काढावे आणि वाफसा येताच कोळपणी करून माती मोकळी करावी.

सोशिक पिके

सर्व पिकांच्या पेशी क्षारांपुढे सारख्याच हतबल होत नाहीत. काही वनस्पती क्षार रिक्तिकेच्या हौदात कोंडून ठेवतात आणि पेशीद्रव्यात स्वतः घडविलेले निरुपद्रवी पदार्थ साठवून आतील रस दाट ठेवतात. त्यामुळे पाण्याची ओढ टिकते. यासाठी शक्ती खर्च होते, म्हणून पीक जगले तरी उत्पन्न घटतेच. संपृक्त अर्काच्या पद्धतीने पाहता घेवड्याचे उत्पन्न सुमारे १ डेसिसायमनच्या पुढे, कांद्याचे १.२ च्या व उसाचे १.७ च्या पुढे घटू लागते. गहू सुमारे ६ पर्यंत, कापूस ७.७ पर्यंत आणि सातू ८ पर्यंत तग धरतो. ज्या तुकड्यात ऊस खंगतो तेथे कपाशी बरी येते, याचे कारण हेच. मात्र उगवणीच्या वेळी सोशिक पिकाचे रोपही नाजूक असते, हे विसरू नये.

कोकणात खाडीलगतच्या खार जमिनीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भात घेत आले आहेत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशा जमिनींसाठी पनवेल १, पनवेल २ व पनवेल ३ या भाताच्या जाती दिल्या. गोव्याच्या खाजन जमिनींतील कोरगुट हे स्थानिक भातही क्षारसहनशील आहे. खाडीकाठची तिवरे तर पानांतील ग्रंथींवाटे मीठ बाहेर टाकतात. उन्हात त्यांच्या पानांवर मिठाचे कण चमकताना दिसतात.

खते व फवारणी

क्षार जमिनीतच असतात असे नाही. पुष्कळदा ते खताच्या गोणीतून येतात. रासायनिक खत हाही क्षारच. ते बियाण्याला चिकटून पडले तर भोवतालचे पाणी दाट होऊन बी पाणी ओढू शकत नाही किंवा ओढलेले गमावते. युरियापासून निघणारा अमोनिया कोवळ्या पेशींना आणखी इजा करतो. म्हणून खत बियाण्याच्या बाजूस व खाली सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर पेरावे आणि युरिया हप्त्याहप्त्याने, जमिनीत ओल असताना द्यावा.

फवारणीसही हाच नियम लागू आहे. युरियाचे २ टक्के द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, साधारणतः पिकास सोसते. 'थोडे जास्त घातले तर लवकर गुण येईल' या समजुतीने प्रमाण वाढविले, तर पाणी पानाच्या पेशींतून बाहेर ओढले जाते आणि पान भाजल्यासारखे होते. ते भाजणे आणि काकडीला पाणी सुटणे या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. फवारणी सकाळी वा सायंकाळी करावी. दुपारच्या उन्हात पाणी उडून पानावरील द्रावण आपोआप दाट होते.

समारोप

शेतकऱ्याला 'पाणी देऊ नका' असे नुसते सांगितले, तर तो ऐकत नाही. आणि त्याने ऐकू नये हेही स्वाभाविक आहे. डोळ्यांदेखत पीक माना टाकीत असता हातावर हात ठेवून बसणे कोणालाही जड जाते. परंतु पडद्याच्या एका बाजूचे पाणी दाट झाले की ते मुळाला मिळत नाही, हे बटाट्याच्या चार वाट्यांवर एकदा दिसले, म्हणजे तो आपणहून कुदळ घेऊन चर खणावयास जातो. शिवाय त्या चराला पुढे वाट देण्यासाठी शेजाऱ्याशी बोलण्याचे धैर्यही त्याला येते. कार्यकर्त्याने आदेशाबरोबर कारणही द्यावे, ते यासाठी.

फडातील तो खंगलेला तुकडा आज लहान आहे. त्याच्या मुळाशी काय चालले आहे हे वेळीच ओळखले, तर तो लहानच राहील आणि पुढेमागे पुन्हा हिरवा होईल. म्हणून पीक लुळे दिसताच आधी पाट फोडू नये. आधी माती उकरून पाहावी, मूळ हातात घेऊन पाहावे आणि मगच पाण्याचे दार उघडावे.